वीज न लावता आलेला रंग

ही गोष्ट मी परवापरवापर्यंत कुणालाही सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी नागपुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत मी एकटा होतो. काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यात विरघळवलेलं नायट्रेट, नळीतून येणारे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आणि आत आमची निळसर हिरवी पूड लावलेली पट्टी. मांडणी रोजचीच होती. फक्त विजेची तार मी जोडली नव्हती. तासाभराने त्यातलं थोडं पाणी काढलं आणि युरियाची चाचणी लावली. युरिया असला तर या चाचणीत पाणी गुलाबी होतं. वीज दिलेलीच नव्हती, म्हणजे युरिया बनायचं कारण नव्हतं. पाणी गुलाबी झालं. दुसरी नळी घेतली, तीही झाली. तिसरीही. मग मी तिन्ही नळ्या बेसिनमध्ये ओतल्या, धुतल्या, उलट्या करून वाळत ठेवल्या, कुलूप लावलं आणि घरी जाऊन जेवलो.

त्याआधी तीन आठवडे उज्ज्वला वाठोरे या माझ्या विद्यार्थिनीने हाच प्रयोग करून मला हेच सांगितलं होतं. मी तिला म्हणालो होतो, तुझी भांडी नीट धुतलेली नसतील.

गेल्या ऑक्टोबरात तिला भेटायला मी आदिलाबाद जिल्ह्यात जाऊन आलो. नागपूरची माणसं या रस्त्याने हैदराबादला जातात, मधे कुणी उतरत नाही. मीही कधी उतरलो नव्हतो. तीन दिवसांत जे पाहिलं, खाल्लं, ऐकलं ते इथे लिहितो आहे. त्यातच वरच्या गोष्टीचा उरलेला भाग येईल.

पैनगंगेच्या अलीकडे

पांढरकवडा मागे पडला की रस्ता सरळ होतो आणि दोन्ही बाजूंना कापूस लागतो. त्या दिवसांत पहिली वेचणी चालू होती. पाठीला फडकं बांधलेल्या बाया ओळीने पुढे सरकत होत्या आणि त्यांच्या मागे झाडं पुन्हा हिरवी दिसत होती.

आमचं काम काय होतं ते इथेच सांगतो, कारण बसमध्ये मीही तेच आठवत होतो. युरिया म्हणजे शेतकरी पोत्याने घालतात तो. कारखान्यात तो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून प्रचंड उष्णता आणि दाब वापरून बनवतात. आम्हाला तो थंड पाण्यात, थोड्या विजेवर बनवायचा होता. चिमणीतून वाया जाणारा कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, खतांमुळे विहिरींत उतरलेलं नायट्रेट घ्यायचं आणि दोन्हींची सांगड घालायची. ती सांगड घालणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. तो क्रिया घडवतो, स्वतः खर्ची पडत नाही. आमची ती निळसर पूड हा आमचा उत्प्रेरक. तिच्यावरचा शोधनिबंध गाजला. मला बोलावणी येऊ लागली, प्रकल्पाला मुदतवाढ मिळायची होती.

उज्ज्वला त्यानंतर आली. ती जैनथची, पैनगंगेच्या काठाच्या गावची. पहिल्या भेटीतच तिने पिशवीतून पाण्याचं कॅन काढलं आणि म्हणाली, "सर, हे आमच्या वस्तीतल्या विहिरीचं. यात नायट्रेट फार आहे. यावर करून बघायचं का?" तिने आणलेल्या त्या पाण्याचा उल्लेख मी पुढे कितीतरी भाषणांत केला. कॅन कुणी आणलं होतं ते सांगत नसे.

नदीवर पूल आहे. पाणी गढूळ आणि रुंद, काठावर पांढरी वाळू. पूल संपला की पाट्यांवरची लिपी बदलते, शेतं मात्र तीच राहतात. जैनथकडे जाणारा रस्ता तिथूनच जवळ आहे हे मला माहीत होतं. पण माझ्याकडे तिचं पत्र होतं ते बोथहून आलेलं, सात वर्षांपूर्वीचं; तेव्हा ती तिथल्या शाळेत शिकवत होती. म्हणून मी बसूनच राहिलो. खरं सांगायचं तर बोथ आणखी लांब आहे याचं मला बरंच वाटलं.

आदिलाबाद

बसस्थानकाजवळच्या लॉजवर उतरलो. मॅनेजरने माझ्याशी हिंदीत सुरुवात केली, आधार कार्ड पाहून मराठीवर आला आणि फोन वाजताच तेलुगूत गेला. एका मिनिटात तीन भाषा, आणि त्याला त्याचं काहीच नाही. आमच्याकडे दुसरी भाषा बोलताना माणूस घसा खाकरतो.

खानावळीत भात, पातळ वरण आणि अंबाडीची चटणी होती. अंबाडीची आम्ही कण्या घालून भाजी करतो. इथे तिला तेलात घोटून, लाल मिरची घालून गरम भातावर घेतात. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. वाढणाऱ्या बाईने न विचारता ताटात तूप टाकलं. "नागपूरचे ना? तुमची तिखटाची नुसती बढाई असते," ती म्हणाली.

सकाळी मैसूर बोंडा नावाचे मैद्याचे गोल भजे खाल्ले. तर्रीशिवाय नाश्ता होऊ शकतो हे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

बोथ

बोथच्या बसमध्ये बायकाच बायका. इथे राज्याच्या बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही, त्यामुळे बाजारहाट, माहेर, देवदर्शन सगळं बसने चालतं. मी एकटाच तिकिटासाठी हात पुढे करून उभा. शेजारच्या म्हाताऱ्या आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काऊन तोंड पाडून राह्यले भाऊ? पुढच्या जल्मी बाई होजा."

"आन मंग पोळ्या कोन लाटन?" मागून दुसरी.

"थे बी हाच लाटन. बाई झाल्यावर काय सुटका हाय?"

अख्खी बस हसली. मीही हसलो. फार दिवसांनी परक्या माणसांत हसलो, असं तेव्हा जाणवलं.

महामार्ग सोडून गाडी आत वळली तशी सागाची झाडं लागली. पानं अजून हिरवी होती, पण कडेने तपकिरी पडायला लागली होती. बोथ म्हणजे एक लांब रस्ता. बी-बियाण्यांची आणि खतांची दुकानं, चहाच्या टपऱ्या, कचेऱ्या. खतांच्या दुकानांपुढे युरियाची पोती रचलेली होती. मी ती ओलांडून मंडल, म्हणजे इथल्या तालुक्याच्या, शिक्षण कार्यालयात गेलो.

तिथल्या कारकुनाच्या टेबलावर फाइलींचा ढीग आणि पितळी तांब्या. पन्नाशीचा गृहस्थ, पिढ्यान्‌पिढ्या इथला. मी नाव सांगितलं.

"वाठोरे मॅडम? त्यांचा तबादला होऊन चार सालं झाली. जैनथला हायत, मराठी शाळेत. तुमी कुटून आले?"

"नागपूरहून."

"म्हंजे जैनथवरूनच तर आले तुमी!" त्याने चष्मा वर केला. "नातेवाईक?"

"नाही. मी त्यांचा शिक्षक होतो."

तो जरा सावरून बसला आणि त्याने खुर्ची पुढे केली. "मंग तुमीच शिकवलं त्यांना. काय शिस्त बापा त्या बाईची! इथं होत्या तवा पोरं डबा खायच्या आधी हात दाखवाले लायनीत उभी राह्यची. एका पोराचे नखं दिसले तर पुन्हा नळावर. लोक म्हनत, ही मास्तरीन हाय का डाक्टरीन?" तो कौतुकाने हसला. "तुमच्याकडूनच आलं आसन हे."

"हो," मी म्हणालो. त्याला वाटलं मी कौतुक स्वीकारलं.

त्या कचेरीतून बाहेर पडून मी रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभा होतो. बस दोनदा येऊन गेली. माझ्या बॅगेत उज्ज्वलाची प्रयोगवही होती. तिने त्या पत्रात एवढंच मागितलं होतं: "सर, माझी वही पाठवाल का? चूक कुठे झाली ते एकदा बघायचं आहे." मी उत्तर दिलं नव्हतं. वहीबरोबर एका बाटलीत त्या जुन्या पुडीतली उरलेली पूड होती.

आताच का आलो, असं कुणी विचारलं तर उत्तर छोटं आहे. परदेशातल्या एका तरुण संशोधकाचं पत्र आलं होतं. अत्यंत नम्र. आमच्या हातून तुमच्यासारखा निकाल येत नाही, तुम्ही वीज न लावता केलेली कोरी चाचणी कळवाल का? चार महिने मी ते पत्र रोज उघडत होतो आणि बंद करत होतो.

जैनथ

दुसऱ्या दिवशी सकाळी आदिलाबादहून ऑटोने निघालो. सोयाबीनची मळणी चालू होती. यंत्रातून उडणारा भुसा रस्त्यावर येऊन अंगावर बसत होता, खाज सुटत होती. ऑटोवाला म्हणाला, "सायब, हे आता दिवाळीपर्यंत खाजवाचं." जैनथला काळ्या दगडाचं जुनं देऊळ आहे, कोरीव काम बघण्यासारखं. मी ते बघितलं. अर्धा तास बघितलं. शिल्पांची आवड म्हणून नव्हे.

शाळा देवळापासून चालत जाण्यासारखी. पाटी तेलुगूत आणि मराठीत. विज्ञानाच्या खोलीच्या दारात ती उभी होती. केसांत पांढरं आलं होतं, बाकी तशीच. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"सर? कुणी गेलं का?"

"नाही, नाही. मी सांगायला आलो. तू... तुम्ही बरोबर होतात."

"कशात?"

"कोऱ्या चाचणीत."

तिने हातातल्या फडक्याने दाराची कडी पुसली. मग म्हणाली, "नववीचा तास आहे माझा. बसा व्हरांड्यात." आणि आत गेली.

मी बाकावर बसलो. खिडकीतून तास ऐकू येत होता. लिंबाचा रस, खायचा सोडा, रंग बदलणारं द्रावण. शाळेतले साधे प्रयोग.

"पहिली नळी कोणती?" तिचा आवाज.

"कोरीऽऽ," वर्ग एका सुरात.

"तिच्यात काहीच टाकत नाही आपण. मग कशाला ठेवतो?"

"आपलंच खोटं पकडाले!"

मुलं हसली. तीही हसली असावी. मला वाटतं हे वाक्य त्या वर्गात रोज होत असेल, प्रार्थनेसारखं.

शाळा सुटल्यावर तिने मला आत बोलावलं. लाकडी टेबल, दोन कपाटं, बाटल्यांवर तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या. मी वही टेबलावर ठेवली. तिने ती उघडली नाही.

मी सांगितलं. ती पूड बनवताना आपण तांब्याच्या क्षाराच्या पाण्यात युरिया घालून उकळत होतो. युरिया सावकाश फुटतो, त्यामुळे पुडीचे कण बारीक आणि सारखे पडतात. पद्धत सगळीकडे वापरतात, तिच्यात चूक नाही. पूड धुतली जाते. पण तिच्या बारीक छिद्रांत थोडा युरिया अडकून राहत होता आणि पाण्यात बुडवल्यावर बाहेर येत होता. आम्ही मोजला तो युरिया आमचाच होता.

"आपणच घातलेला," ती म्हणाली.

"हो."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. अलीकडेच कळलं, असं म्हणालो असतो तर तिने मानलं असतं. येताना बसमध्ये हे वाक्य मी तयारही करून ठेवलं होतं.

"कुठून येतोय ते नंतर कळलं. पण वीज न लावता येतोय, हे मी स्वतः करून बघितलं होतं. विभागाच्या बैठकीच्या आठ दिवस आधी."

त्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या कामाचे अहवाल वाचले जातात. सात प्राध्यापक होते आणि भिंतीशी उभे विद्यार्थी. मी तिच्याबद्दल वाचलं होतं: "कामात स्वच्छतेची सवय नाही, त्यामुळे निकाल भरवशाचे नाहीत." पुढच्या महिन्यात तिची शिष्यवृत्ती थांबली. ती घरी गेली.

"म्हणजे वाचताना तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मला वाटायचं, सर चुकले असतील. माणूस चुकतो." ती बाटल्यांकडे बघत बोलत होती. "पण शब्द तो काऊन घेतला तुम्ही? घाई केली, लिहायचं होतं. हिशेब चुकला, लिहायचं. स्वच्छता कुठून आणली?"

तिच्या तोंडून 'काऊन' आलं ते तिच्या लक्षात आलं नसावं. नागपुरात ती असं कधी बोलत नसे.

"कारण तो शब्द वाचल्यावर कुणी पुढे काही विचारणार नाही, हे मला माहीत होतं," मी म्हणालो.

उज्ज्वला बौद्ध घरातली. तिचे वडील सालगडी होते. ते त्या बैठकीतल्या सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या कुणाबद्दल मी तो शब्द वापरला असता तर एखाद्याने तरी वही मागवली असती. तिच्याबद्दल वापरला तेव्हा एकाने मान हलवली आणि पुढचा अहवाल निघाला.

ती उठली. खिडकीशी जाऊन फोन लावला. "बाबा, घरातले सोयाबीन मूठभर आना शाळेत. कच्चेच. भाजलेले नाई." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही म्हणता म्हणून मी मानणार नाही, सर. पूड आणली आहे ना? दाखवा."

तिचे वडील लिंबाजी वीस मिनिटांत आले. सत्तरीचे, पांढरा शर्ट, उपरण्याच्या टोकाला बांधलेले सोयाबीन. मला बघून "जय भीम" म्हणाले. मी "नमस्कार" म्हणालो.

"हे सर," उज्ज्वलाने सांगितलं. "नागपूरचे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग स्टूल ओढून बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

सोयाबीनच्या कच्च्या दाण्यात असं एक द्रव्य असतं जे युरियाला फोडतं आणि अमोनिया मोकळा करतं. शाळेत युरियाची महागडी चाचणी नव्हती, पण सोयाबीन होतं. तिने अर्धे दाणे कच्चेच वाटून पाण्यात कालवले. उरलेले आधी भरपूर उकळले, मग वाटले, कारण उकळल्यावर ते द्रव्य मरतं. माझी पूड तिने पाण्यात ढवळली, गाळली आणि ते पाणी मंद आचेवर आटवून चमचाभर केलं. प्रत्येक भांडं तीनदा धुतलं. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "तुम्ही हात नका लावू." आवाजात राग नव्हता. तिला निकाल हवा होता.

तीन नळ्या. पहिलीत नुसतं पाणी आणि कच्चं सोयाबीन. दुसरीत पुडीचं पाणी आणि उकळलेलं सोयाबीन. तिसरीत पुडीचं पाणी आणि कच्चं. अमोनिया आला तर गुलाबी होणाऱ्या द्रावणाचे दोन-दोन थेंब तिन्हींत. वीज कुठेच नाही, कार्बन डायऑक्साइड नाही, नायट्रेट नाही.

आम्ही तिघं बसलो. बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं, तो होत नव्हता. लिंबाजींनी विचारलं, "कशाची वाट पाहून राह्यलो आपन?"

"यात युरिया आहे का ते बघतोय, बाबा."

"इरिया? पोत्यातला?"

"हो," मी म्हणालो. "आम्ही म्हणत होतो की आम्ही तो नवीन बनवला. हवेतून आणि पाण्यातून. पण तो पूड बनवताना आम्हीच घातलेला होता. तोच परत निघत होता."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजे तुमीच टाकला, आन तुमालेच सापडला." त्यांचे खांदे हलायला लागले. "आन त्याचं कौतिक झालं?"

"झालं."

"बरं डोस्कं हाय!" ते मोठ्याने हसले. उज्ज्वलाही हसली, तोंडावर हात ठेवून.

तेवढ्यात तिसरी नळी बदलली. खालून वर, हळूच, फिकट गुलाबी. मग गडद. पहिल्या दोन तशाच पांढुरक्या राहिल्या. उज्ज्वलाने नळी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

लिंबाजींचं हसू थांबलं होतं. ते माझ्याशी बोलले नाहीत, तिच्याशी बोलले.

"मंग तवा तू बरुबर होती."

"हो बाबा."

"तू आली तवा म्या तुले इचारलं होतं, खरंच हात खराब होते का वं? तू नाई म्हनली. म्या मनात म्हनलो, एवढा शिकलेला मानूस खोटं काऊन लिहिन? पोरगीच लपवून राह्यली." त्यांनी उपरण्याने चेहरा पुसला. "नऊ सालं म्या तेच धरून बसलो."

"मले माईत होतं, बाबा," ती म्हणाली.

"माईत होतं? मंग बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? माह्याकडं वही नोती."

तेव्हा तिने वही उघडली. पान तिला शोधावं लागलं नाही. तिथल्या आकड्यांवरून बोट फिरवलं, ओठांनी वाचत. मग वही पिशवीत टाकली आणि नळ्या धुवायला घेतल्या.

लिंबाजी मला म्हणाले, "जेवाची येळ झाली. आमच्या घरचं चालते ना तुमाले?"

"चालतं," मी म्हणालो. हा प्रश्न त्यांनी मुद्दाम विचारला होता आणि तो विचारायचा त्यांना हक्क होता.

घर शाळेमागेच. भाकर, भरलेली वांगी, जवसाची चटणी, ताक. वांग्यात आमच्यासारखं खोबरं नव्हतं, तीळ आणि शेंगदाणे होते, आणि भाकरी आमच्याहून जाड, कडेला खरपूस. मी दोन खाल्ल्या. लिंबाजी वाढत होते, आणि वाढताना माझ्याकडे बघत नव्हते. विहीर अंगणातून दिसत होती, तिच्यावर जाळी टाकलेली. पाणी आता नळाने येतं.

उज्ज्वलाने माझ्या कामाचं विचारलं, म्हणजे खरोखरच्या कामाचं. मी सांगितलं की ही क्रिया खोटी नाही. काही ठिकाणी लोक जड नायट्रोजन वापरून पडताळतात. नायट्रेटमध्ये जड नायट्रोजन घालायचा आणि तयार झालेल्या युरियात तो सापडतो का पाहायचं. सापडला तरच तो नवा. थोडा थोडा सापडतो आहे.

"ते मी तुम्हाला तेव्हा म्हटलं होतं. जड नायट्रोजन मागवू."

"हो. मी म्हटलं, गरज नाही." मग परदेशातून आलेल्या त्या पत्राचंही मी तिला सांगितलं.

ती ताकाचा पेला ठेवून सरळ बसली. "सर, निबंध मागे घेणं, त्या परदेशातल्या मुलाला उत्तर देणं, ते तुमचं तुम्ही कराच. त्यात माझा काही संबंध नाही. माझं एकच आहे. ते वाक्य तुम्ही जिथं वाचलं, तिथं उभं राहून म्हणायचं की ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे माहीत असताना वाचलं. कागदावर नको. कागद फाइलीत जाते. तोंडाने. विद्यार्थी भिंतीशी उभे असताना."

"तू येशील का तेव्हा?"

"मी कशाला येऊ? मला सुट्टी नाही." मग थोड्या वेळाने, "झालं की फोन करा बाबांच्या नंबरवर. त्यांना सांगा. मला नको."

लिंबाजींनी नंबर एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे लिहून दिला. रस्त्यापर्यंत पोचवायला आले. ऑटो येईपर्यंत आम्ही दोघं सोयाबीनच्या ढिगाशेजारी उभे होतो. ते एकदाच बोलले, "या वर्षी दाना बारीक हाय." ऑटो आली.

नागपूर

परतीच्या वाटेवर सांगण्यासारखं काही नाही.

आल्यावर पहिल्या आठवड्यात मी त्या तरुण संशोधकाला उत्तर पाठवलं. त्याने आभार मानले आणि माझ्यापेक्षा जास्त संकोचाने मानले. निबंध मागे घ्यावा म्हणून मासिकाला लिहिलं, कारणासकट. त्यांची चौकशी चालू आहे, निबंध मागे घेतला जाईल. बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या मुलीने जेवायला घातलं?" मी हो म्हणालो. ती आत गेली आणि दोन दिवस कामापुरतंच बोलली.

विभागाची बैठक दर महिन्याला होते. मी परत आल्यापासून दोन झाल्या. पहिलीला गेलो, ठरवून गेलो, शेवटपर्यंत बसलो आणि उपस्थितीची सही करून उठलो. दुसरीत हात वर केला होता. अध्यक्षांनी "बोला" म्हटलं, तेव्हा मी पंखा फार जोरात आहे असं म्हणालो. कुणीतरी उठून कमी केला. भिंतीशी सहा विद्यार्थी उभे होते.

लिंबाजी वाठोरेंना मी अजून फोन केलेला नाही. उज्ज्वलाबद्दल मी जे वाचलं ते खोटं होतं आणि ते मला माहीत होतं, हे त्या खोलीत, तोंडाने सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.